उदाराम मिस्त्रीचा बांधलेला हात

देश स्वतंत्र झाला त्या दिवशी उदाराम कापगतेचा डावा कान गेला.

गोंदियाच्या बाजारात एका कापडवाल्याच्या दुकानावर रोषणाई लावायची होती. काम नंदलाल उस्तादाचं आणि उदाराम त्याचा चेला. बटण दाबलं, बल्बांची सगळी माळ पेटली आणि मधला एकच बल्ब राहिला. लोक ‘भारतमाता की जय’ ओरडत होते. तेवढ्या गर्दीत नंदलालनं उदारामच्या कानफटात अशी ठेवून दिली की पोरगा शिडीसकट खाली आला. कानातून आधी रक्त आलं, मग पू आला, आणि पुढे त्या कानानं काम करायचंच सोडलं. तेव्हापासून कोणी बोलायला आलं की उदाराम त्याला आपल्या उजव्या अंगाला उभा करायचा.

नंदलाल पॉवर हाऊसमधून निघालेला, हिंदी बोलणारा, हाताचा जड माणूस. शिकवायची त्याची रीत एकच होती. "पहले मार खा, फिर काम सीख." भिंतीवर लाकडी पट्टी ठोकायची आणि तिच्यावर पत्र्याच्या क्लिपांत तारा बसवायच्या, असं त्या काळचं वायरिंग. पट्टी वाकडी गेली की मार. क्लिप सैल बसली की मार. आणि कोणी चुकून ‘असं काऊन?’, म्हणजे असं का, म्हणून विचारलं तर सगळ्यात जास्त मार, कारण त्याचं उत्तर खुद्द नंदलाललाच येत नव्हतं. ज्याला उत्तर येत नाही त्याचा हात लवकर उठतो, हे काही वीजकामातच दिसतं असं नाही.

उदाराम सडक अर्जुनीकडचा, कोहळी जातीच्या शेतकरी घरचा. घरची धानाची बांधी भावाभावांत वाटता वाटता एवढीशी उरली, म्हणून गोंदियाला आला आणि मार खात खात मिस्त्री झाला. नंदलाल गेल्यावर त्यानं रेल्वेलाईनजवळ स्वतःचं टिनाचं शेड टाकलं, चेले ठेवले आणि उस्तादाची विद्या जशीच्या तशी पुढे चालवली. म्हणजे पट्टी, क्लिपा आणि मार.

वाईट माणूस होता का? नव्हता. हीच तर गोष्ट आहे. चेला आजारी पडला की स्वतःच्या घरून पेज पाठवणारा माणूस तो. पण त्याच्या डोक्यात एक गोष्ट खिळ्यासारखी ठोकलेली होती. "मी मारलं तं उद्या कामावर येशीन," तो चेल्यांना सांगायचा. "लाईननं मारलं तं येशीन का बे?" आपल्या हाताखालचा एकही पोरगा लाईननं, म्हणजे विजेच्या झटक्यानं, मरू नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि त्यासाठी तो त्यांना रोज मारायचा. पट्टीच्या तुकड्यानं मारायचा, पक्कडीच्या दांड्यानं मारायचा, आणि हाताशी काही नसलं तर उजव्या हाताची थापड होतीच. ती थापड गोंदियात मशहूर होती. चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, चारशे चाळीसचा झटका खाल्लेला माणूस बोलू शकते, उदारामची थापड खाल्लेला नाही.

आईबापांना असा मिस्त्री फार आवडायचा. फुलचूरची देवकाबाई आपल्या श्यामलालला घेऊन आली तेव्हा तिनंही तेच म्हटलं जे सगळे म्हणत. ती विड्या वळून पोरं वाढवणारी विधवा. दाराशी उभी राहून तिनं पोराचा दंड धरून पुढे केला.

"मिस्त्री, चमडी तुमची, हाडं माही."

पोरगा गुरुजीच्या नाहीतर उस्तादाच्या ताब्यात देताना हे म्हणायचंच असतं. चामडी सोलून काढा, पण हाडं शाबूत परत द्या. म्हणणारा म्हणतो, ऐकणारा मान हलवतो, आणि हाडं मागायला पुढे कोणी येत नाही.

श्यामलाल वीसेक वर्षांचा, बोलका, शिट्टी वाजवत काम करणारा. त्याच्याबरोबरचा दुसरा चेला झामसिंग उईके. देवरीच्या पलीकडच्या जंगलातल्या गावचा गोंडाचा पोरगा, वयानं थोडा मोठा, बोलायला अगदी कमी. झामसिंगला ना उंचीचं भय होतं ना अंधाराचं. भय एकाच गोष्टीचं होतं आणि ती गोष्ट मिस्त्रीच्या उजव्या खांद्यापासून लोंबत होती. चिनीमातीचा फ्यूज हातून फुटला की झामसिंग त्याचे तुकडे जवळच्या एखाद्या राईस मिलच्या कोंड्याच्या ढिगात पुरून टाकायचा. तार कापताना आखूड झाली की गुपचूप सांधा मारून वरून क्लिप दाबायचा. श्यामलाल तेच करायचा, फक्त शिट्टी वाजवत. उदारामला वाटायचं, आपल्या मारानं पोरं आता चुकत नाहीत. पोरं चुकतच होती. लपवायला तेवढी तरबेज झाली होती.

त्या वर्षी एका राईस मिलनं जुनं तेलाचं इंजिन काढून विजेची मोटर बसवली आणि मिलभर बत्त्या लावायचं काम उदारामकडे आलं. मिलच्या मागे उसन्या, म्हणजे उकड्या तांदळासाठी धान भिजवायचे हौद होते. तिथली फरशी बाराही महिने ओली. हौदाच्या शेडमधली बत्ती झामसिंगनं एकट्यानं लावली. उदारामनं बटण दाबलं, बत्ती लागली. पुन्हा दाबलं, विझली. "झालं," तो म्हणाला. त्यालाही एवढंच तपासायला शिकवलं होतं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला पाहिजे. तारा दोन असतात. लाल ती गरम, लाईन तिच्यात. काळी ती थंड. बटण लाल तारेत घालायचं, म्हणजे ते बंद केलं की पुढची तार मरते. चुकून काळीत घातलं तरी बत्ती तशीच लागते आणि तशीच विझते, दिसायला तसूभर फरक नाही. पण विझलेल्या बत्तीच्या होल्डरात लाईन जिवंत बसून राहते.

संध्याकाळी हत्यारं गोळा करताना झामसिंगच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. बटणात काळी तार गेली होती. पण हा पोरगा तसाच उठून मिस्त्रीला सांगायला निघाला, हे विसरू नका. मोटरच्या खोलीच्या दारात तो पोहोचला तेव्हा आत उदाराम श्यामलालला बडवत होता. श्यामलालच्या हातून मेन स्विचचं झाकण फुटलं होतं. पट्टीचा तुकडा त्याच्या पाठीवर मोडला, तेव्हा उदारामनं दुसरा घेतला. "मिस्त्री," झामसिंगनं हाक मारली. उदारामनं मागे वळून पाहिलं नाही. श्यामलाल कोपऱ्यात दोन्ही हातांनी डोकं झाकून बसला होता आणि त्याच्या बोटांतून रक्त गळत होतं. दुसरी हाक झामसिंगच्या तोंडून फुटली नाही. उद्या सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन गुपचूप तारा बदलू, असं मनाशी ठरवून तो निघून गेला.

सकाळी तो आला, पण मिल त्याच्याही आधी सुरू झाली होती. तो हौदापर्यंत पोहोचायच्या आतच हौदाची बत्ती लोंबते म्हणून मुनीम ओरडला आणि उदारामनं श्यामलालला पाठवलं. पाठ सुजलेली, तरी पोरगा शिट्टी वाजवतच गेला. त्यानं बटण बंद केलं. बत्ती विझली. हौदाच्या ओल्या कठड्यावर अनवाणी उभं राहून त्यानं होल्डरला हात घातला.

ओरडला नाही तो. शिट्टी मध्येच थांबली, एवढंच. उदाराम धावला तेव्हा श्यामलालचं अंग धनुष्यासारखं वाकलं होतं आणि मूठ होल्डरला चिकटली होती. उदारामनं फळी उचलून त्याच्या मनगटावर घाव घातला. एकात सुटलं नाही. दुसऱ्यात हाड मोडल्याचा आवाज आला, मूठ सुटली आणि पोरगा हौदातल्या भिजल्या धानात कोसळला. बाहेर काढला तेव्हा तळहात काळा पडला होता आणि भाजल्या मांसाचा वास येत होता. कोणी कांदा हुंगवला, कोणी तळपाय चोळले. अशा वेळी काय करायचं ते तिथल्या एकाही माणसाला कधी कोणी शिकवलं नव्हतं. उदारामला एकच गोष्ट येत होती. त्यानं श्यामलालच्या गालावर थापड मारली. "ऊठ बे! ऊठ म्हणतो नं तुले!" थापडीवर थापड, थापडीवर थापड, पोराची मान इकडची तिकडे होत होती. शेवटी दोघा हमालांनी त्याला ओढून बाजूला केलं. तोवर तो कितीतरी वेळ मेलेल्या पोराला मारत होता.

मग त्यानं बटण उघडलं. आत काळी तार होती.

झामसिंग तिथंच उभा होता, पळाला नाही. उदारामनं कोपऱ्यातली लोखंडी नळी उचलली. पहिला घाव खांद्यावर बसला, दुसरा आडव्या धरलेल्या हातावर, आणि तो हात कोपराखाली वाकला. झामसिंग खाली पडला तरी नळी थांबेना. पाठीवर, कुशीवर, मांडीवर बसत राहिली. हमाल जवळ जायला धजावले नाहीत. उदारामच्या तोंडाला फेस आला होता.

"सांगाले आलतो," झामसिंग जमिनीवरून म्हणाला. "काल सांगाले आलतो, मिस्त्री. तुमी श्यामलालले मारून राहिले होते. मी हाक मारली. तुमी पलटलेच नाही."

नळी वरच राहिली.

"कोणत्या बाजूनं?" उदारामनं विचारलं.

झामसिंगनं मोडक्या हातानं त्याच्या डाव्या कानाकडे दाखवलं.

फुलचूरहून देवकाबाई आली. श्यामलालला मिलच्या फाटकाशी पोत्यावर ठेवला होता. ती रडली नाही. तिनं पोराचं फळीनं मोडलेलं मनगट हातात घेतलं, हलवून पाहिलं, आणि उठून उदारामसमोर उभी राहिली.

"माही हाडं दे," ती म्हणाली.

उदारामनं मान खाली घातली.

"चमडी तुले देल्ली होती. हाडं माही होती. माही हाडं आणून दे, बेइमाना!" हत्याराच्या थैलीतून वर आलेली पक्कड तिनं उचलली आणि त्याच्या कपाळावर मारली. रक्त डोळ्यांत उतरलं, त्यानं हात वर केला नाही. तिनं पुन्हा मारली. माणसांनी तिला धरलं तेव्हा ती पायांनी मारत होती, दातांनी चावत होती, आणि उदाराम जिथल्या तिथं खाली मान घालून उभा होता. पोलिसांनी अपघात लिहून घेतला. कपाळावरची ती खूण मात्र जन्मभर राहिली, आणि कोणी विचारलं तर देवकाबाईची आहे म्हणून तो सरळ सांगायचा.

पुढे बरेच दिवस शेड बंद होतं. मग एका सकाळी उदाराम उठला, मोटरगाडीनं देवरीला गेला आणि तिथून जंगलातल्या वाटेनं पायी झामसिंगच्या गावी पोहोचला. अंगणात झामसिंगची मोठी बहीण दुर्पता लाकडं फोडत होती. कोण आलं ते तिनं ओळखलं आणि काही न बोलता कुऱ्हाड उलटी करून दांड्याचा एक तडाखा त्याच्या खांद्यावर हाणला. उदाराम गुडघ्यावर आला.

"हा भावाचा," ती म्हणाली. "आता काय पायजे ते बोल."

झामसिंग पडवीत बसला होता. हात बांबूच्या कामट्यांत बांधलेला, वाकडाच जुळलेला.

"चाल परत," उदाराम म्हणाला.

"कायले? आता कोणाले मारायचं रायलं?"

"मारणार नाही. चूक सांगाले आला त्याले तं कधीच मारणार नाही."

झामसिंगनं त्याच्या उजव्या हाताकडे पाहिलं. "तुमी खोटं नाही बोलून राहिले, मिस्त्री. पण हात तुमचं आयकत नाही. तो आपल्या मनानं उठते."

हे खरं होतं, आणि खरं होतं म्हणून उदारामला लागलं. त्याला रडू आलं. पोरासारखा तो त्या अंगणात हमसून हमसून रडला. दुर्पताला त्याची मुळीच कीव आली नाही. तिनं त्याच्याच खांद्यावरचा गमछा ओढला.

"मारक्या बैलाले मोकळं ठेवते का कोणी?" ती म्हणाली. "बांधून ठेवतेत."

त्या दिवसापासून उदाराम मिस्त्री शिकवताना उजवा हात गमछ्यानं कमरेला बांधून घेऊ लागला. गोंदियात हसून हसून लोकांची पोटं दुखली. चहाच्या टपरीवर त्याची नक्कल व्हायची. बाहेरच्यांना तो सांगायचा, चालू लाईनवर एकाच हातानं काम करावं, दोन्ही हात लागले की करंट छातीतून जातो. ते खरंही आहे. पण चेल्यांना ठाऊक होतं की तो हात लाईनला भिऊन बांधलेला नाही.

मार गेला तसं शिकवायचं काय, हा प्रश्न आला. उदारामला मारायचं सोडून फारसं काही शिकवता येत नव्हतं. ते त्याला आता शिकावं लागलं. त्यानं शेडमध्ये लाकडाची एक मोठी भिंत उभी केली. तिच्यावर मेन, फ्यूज, बटणं, होल्डर, सगळं खरं. चेल्यांनी तिच्यावर लावायचं, उखडायचं, पुन्हा लावायचं. झटका बसलेल्याला पालथा घालून त्याची पाठ दाबायची आणि श्वास परत आणायचा, ही रीत तो पॉवर हाऊसच्या एका फोरमनकडून शिकून आला आणि महिन्यातून एकदा चेल्यांना एकमेकांच्या पाठीवर बसवून करून घेऊ लागला. आणि ‘काऊन?’ म्हणून विचारायची सगळ्यांना मोकळीक दिली. उत्तर येत नसलं की उदाराम लालबुंद व्हायचा, गमछ्यातली मूठ आवळायचा आणि म्हणायचा, "मले नाही येत. पाहू."

पण खरी परीक्षा वेगळीच होती, आणि शहाण्या माणसानं ती करू नये. चेल्यानं भिंतीवर जोडणी करायची, बटण बंद करायचं आणि लाईन मेली म्हणून सांगायचं. मग मिस्त्री ओल्या पोत्यावर अनवाणी उभा राहून डाव्या हातानं ती तार धरायचा. ‘माझ्या शिकवण्यातली चूक मलाच मारू दे,’ असं काहीतरी त्याच्या मनात असावं.

पहिली परीक्षा परत आलेल्या झामसिंगची झाली. वाकड्या हातानं त्यानं जोडणी केली, बटण बंद केलं, बत्ती विझली.

"मेली?" उदारामनं विचारलं.

"मेली."

उदाराम पोत्यावर चढला. डावा हात पुढे केला. तारेपाशी बोटं पोहोचली.

"थांबा!" झामसिंग ओरडला. "मिस्त्री, थांबा! चुकलं वाटते माहं!"

उदारामचा उजवा हात उठला. बांधलेला होता तरी उठला. गमछा कातडीत रुतला, गाठ करकरली, सगळं अंग उजवीकडे ओढलं गेलं. झामसिंग भिंतीला टेकून खाली बसला होता आणि त्यानं तो वाकडा हात डोक्यावर घेतला होता. गाठ टिकली. उदाराम धापा टाकत उभा राहिला. मग त्याच्या तोंडून तो शब्द निघाला, ज्याच्यासाठी त्यानं स्वतः नंदलालचा सगळ्यात जास्त मार खाल्ला होता.

"काऊन?" त्यानं विचारलं. "काऊन वाटते चुकलं? सांग."

झामसिंगनं सांगितलं. टेस्टचा बल्ब लावून दोघांनी पाहिलं. होल्डरात लाईन जिवंत होती.

उदारामच्या शेडमधून पुढे कितीतरी वायरमन निघाले. गोंदिया मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेलं, गावोगाव खांब उभे राहिले, आणि त्या खांबांवर चढलेल्यांत झामसिंगच्या हाताखाली तयार झालेलेही पुष्कळ होते. त्यांच्यातला एकही लाईननं मेला नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. लाईन ती लाईनच. पण चूक लपवली म्हणून कोणी मेला नाही, आणि उदारामला पुढे तेवढंच पुरे वाटायचं.

देवकाबाई आली ती या सगळ्यानंतर. बरोबर तिचा धाकटा खुशाल होता, मिसरूड फुटलेला. तिनं हात जोडले नाहीत. सरळ आत आली आणि मुद्दाम उदारामच्या उजव्या अंगाला उभी राहिली.

"हे पोट्टं दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊन राहिलं होतं," ती म्हणाली. "तो मारते म्हणते. मी म्हटलं, शिकाचंच असन तं तिथं चाल जिथं मिस्त्रीले मी मारलं हाये."

उदारामनं हातातली पक्कड खाली ठेवली.

"आयकून ठेव. चमडी बी माही, हाडं बी माही. तुले यातलं काहीच देऊन नाही राहिली मी. तू फकत शिकव."

"हो, माय," उदाराम म्हणाला.

तिची नजर त्याच्या कमरेकडे गेली. इतक्या वर्षांच्या सवयीनं ती गाठ आता नावापुरतीच राहिली होती. बोट घातलं तरी सुटावी अशी. देवकाबाईनं ती सोडली. सगळे चेले काम टाकून पाहत होते. मग जन्मभर विड्यांना दोरा आवळणाऱ्या त्या बोटांनी तिनं गमछा त्याच्या मनगटाभोवती दोनदा फिरवला, कमरेतून घेतला आणि गुडघा त्याच्या कुशीला लावून ओढला. हाताच्या शिरा वर आल्या.

"दुखते का?" तिनं विचारलं.

"दुखते."

"दुखू दे," ती म्हणाली, आणि खुशालला त्या लाकडी भिंतीकडे ढकललं.